ज्वाला, समिधा आणि तुळशीराम : आनंदवनविषयक साहित्यातील दुःखाच्या अर्थाचा प्रश्न

प्रस्तावना

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर काही अंतराने हिंगणघाट आणि वरोरा ही स्थानके लागतात. हिंगणघाट येथे २६ डिसेंबर १९१४ रोजी मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे यांचा जन्म झाला आणि वरोऱ्याबाहेरच्या खडकाळ माळावर पुढे त्यांनी आनंदवन उभे केले. वरोरा चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असले तरी आनंदवनामागची वैचारिक परंपरा वर्धा जिल्ह्यातील आहे. सेवाग्राम आणि दत्तपूर या परिसरात १९३० नंतरच्या काळात कुष्ठसेवेचा जो विचार आकाराला आला, त्याच विचाराची ती पुढची पायरी होय. या परंपरेतून जे मराठी साहित्य निर्माण झाले, त्यात बाबा आमटे यांचा 'ज्वाला आणि फुले' हा काव्यसंग्रह आणि साधनाताई आमटे यांचे 'समिधा' हे आत्मकथन ही दोन पुस्तके सर्वांत महत्त्वाची आहेत. आपल्या वाङ्मयव्यवहारात या दोन्ही पुस्तकांकडे 'प्रेरणादायी' या एका विशेषणापलीकडे फारसे पाहिले गेले नाही. दुःखातून जीवनाचा अर्थ कसा सापडतो, तो कोणाला सापडतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांच्या अनुषंगाने या दोन पुस्तकांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे प्रश्न प्रस्तुत लेखकाला ग्रंथालयात सुचले नाहीत. काही वर्षांपूर्वी आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारावर पदवीच्या वर्गात व्याख्यान चालू होते. बाबांना तुळशीराम भेटला आणि त्यांच्या आयुष्याला अर्थ सापडला, असे विधान मी केले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, बाबांना अर्थ सापडला. तुळशीरामाला काय सापडलं?" वर्गात कोणी हसले नाही. २००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. अशा जिल्ह्यातील वर्गात दुःखाविषयी बोलताना समोर कोण बसले आहे याचे भान ठेवावे लागते. त्या मुलीच्या घरी काय घडले होते हे वर्गातील सर्वांना ठाऊक होते, मलाही होते. तास संपेपर्यंत मला उत्तर देता आले नाही.

रोग, त्याची नावे आणि वर्ध्याची परंपरा

मराठीत या रोगाला महारोग, रक्तपिती, कुष्ठ अशी नावे आहेत. 'महारोग' या शब्दात भय आहे, 'रक्तपिती' या शब्दात किळस आहे, आणि या दोन्हींच्या मागे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ ही समजूत आहे. ही समजूत दुःखाला अर्थ देण्याचाच एक प्रकार होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. रोग्याचे दुःख निरर्थक नाही, ते त्याच्या कर्माचे आहे, असे सांगणारा हा अर्थ समाजाला सोयीचा होता. कारण त्यामुळे रोग्याला गावाबाहेर काढणाऱ्यांच्या मनावर ओझे राहत नसे. दुःखाला अर्थ असतोच, असे घाईने म्हणणाऱ्या कोणत्याही विचाराकडे, मग तो कितीही उदात्त असो, सावधपणे पाहण्याचे एक कारण येथे मिळते.

वैद्यकशास्त्राने या रोगाचे जे स्वरूप उलगडले तेही येथे नोंदवणे आवश्यक आहे. नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. तो त्वचेवर आणि मज्जातंतूंवर परिणाम करतो व त्यामुळे हातापायांची संवेदना नाहीशी होते. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना जाणवत नसल्याने रुग्णाला भाजते, कापते, खडा रुतून बसतो आणि त्याला ते कळत नाही. अशा दुर्लक्षित जखमांनी अवयव जातात. रुग्णाच्या शरीराची हानी वेदनेच्या अभावाने होते, आणि मनाला सोसावे लागणारे दुःख मात्र सर्वस्वी माणसांकडून येते. या रोगावरील साहित्यात 'वेदना' हा शब्द ज्या सढळपणे वापरला जातो तो पाहता, हा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

वर्धा परिसरातील कार्याचा आरंभ विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे केला. तोवर हे काम मुख्यतः ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या संस्था करीत. पुढे सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री आले. हे संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या कारागृहातील गांधीजींचे सोबती. रोग बळावल्यावर ते सेवाग्रामच्या दाराशी आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांची राहण्याची सोय केली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले. परचुरे कुटी आजही आश्रमात पाहावयास मिळते. १९४५ मध्ये शास्त्रींचे निधन झाले. गांधीजी त्यांची शुश्रूषा करीत आहेत असे छायाचित्र सर्वपरिचित आहे. त्यात पाहणाऱ्याची नजर अर्थातच गांधीजींवर स्थिरावते. गांधीजींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमात कुष्ठरुग्णांच्या सेवेचा समावेश केला होता. त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले आणि घरोघरी जाऊन पाहणी, लोकशिक्षण व उपचार या पद्धतीने काम सुरू झाले. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकाच्या आरंभी देशातील ज्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो. वाङ्मयीन लेखात हा तपशील अवांतर वाटेल. परंतु ज्या आशेविषयी आपण बोलत आहोत त्या आशेचा निम्मा भाग गोळ्यांच्या पाकिटातून आला, हे मराठीच्या प्राध्यापकांनी तरी विसरू नये.

तुळशीरामाची कथा

बाबा आमटे यांचे पूर्वायुष्य सुविदित आहे. जमीनदार घराण्यात जन्म, वकिली, १९४२ च्या आंदोलनातील सहभाग, सेवाग्रामचा सहवास. गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी मैला वाहण्याचे काम स्वतः केले. याच काळात एका पावसाळी दिवशी गटाराशेजारी त्यांना काहीतरी पडलेले दिसले. ते हलले, तेव्हा ते माणूस असल्याचे कळले. रोगाने शेवटच्या अवस्थेला पोचलेला तो तुळशीराम होता. बाबा घाबरून पळाले. नंतर ते परतले, त्याच्यावर आडोसा उभारला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम लवकरच मरण पावला. स्वतःच्या त्या भयाने बाबांना पुढे कित्येक दिवस झोपू दिले नाही आणि त्यातूनच ते कुष्ठसेवेकडे वळले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले, प्रयोगासाठी स्वतःचे शरीरही देऊ केले.

ही कथा बाबांनी आपल्या भाषणांतून आणि लेखनातून वारंवार सांगितली व त्यांच्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती पुन्हा सांगितली. तिचे खरे वाङ्मयीन सामर्थ्य बाबांच्या पळण्यात आहे. संतचरित्रांच्या आपल्या परंपरेत नायक रोग्याला पाहताच मिठी मारतो. येथे तो पळतो, आणि आपण पळालो हे स्वतः सांगतो. ज्याला अभयसाधक म्हटले गेले त्याने आपल्या भयाची कबुली द्यावी, हा या कथेचा सच्चेपणा आहे. कुष्ठसेवा आपण इतरांच्या भल्यासाठी आरंभली नसून स्वतःचे भय जिंकण्यासाठी आरंभली, असे बाबा सांगत. या कबुलीमुळे ही कथा उपदेशाच्या पातळीवर घसरत नाही.

तरीही माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न उरतोच. या कथेत तुळशीराम एकही शब्द बोलत नाही. तो कोणत्या गावचा, त्याला कोणी घराबाहेर काढले, त्याच्यावर आडोसा उभारला गेला तेव्हा त्याला काय वाटले, यांपैकी काहीही कथेत येत नाही. तो कथेत येतो तो एका थोर जीवनाला वळण देण्यापुरता, आणि मग मरतो. बाबांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. मरणाच्या दारात असलेला तो माणूस कदाचित बोलू शकतही नसेल. दोष असलाच तर तो आपल्या वाचनपद्धतीचा आहे. या कथेचे तात्पर्य सांगताना दुःख एकाचे आणि अर्थ दुसऱ्याचा, ही विभागणी आपण कसलीही अडचण न वाटता स्वीकारली.

'ज्वाला आणि फुले'

'ज्वाला आणि फुले' १९६४ मध्ये प्रकाशित झाले. वि. स. खांडेकर यांची त्याला प्रस्तावना लाभली हे योगायोगाने घडले नाही. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतील ध्येयवादी नायक ज्या जीवनाची स्वप्ने पाहत, ते जीवन प्रत्यक्ष जगणारा माणूस येथे लिहीत होता. मुक्तछंदातील या रचना कवितेपेक्षा उद्गाराच्या अधिक जवळ आहेत. त्यांत आवाहन आहे, आव्हान आहे, तरुणांना उद्देशून केलेले संबोधन आहे. अग्नी, माती, पहाट आणि हात या प्रतिमा पुन्हा पुन्हा येतात. त्यांतील हाताची प्रतिमा विशेष लक्षणीय आहे, कारण ती लिहिणाऱ्याच्या भोवती बोटे नसलेले हात काम करीत होते. इतर कवींच्या बाबतीत श्रमाचे गौरवगान अलंकारिक वाटू शकते. येथे त्या गौरवाच्या मागे खणलेली विहीर आहे.

या संग्रहाचे बळ त्याच्या नकारात आहे. बाबा दयेला नकार देतात, भीक नाकारतात, दैववाद नाकारतात. दान माणसाला दुबळे करते आणि काम त्याला उभे करते, हा आनंदवनाचा मूलमंत्र या काव्यातही आहे. पूर्वकर्माच्या ज्या समजुतीचा उल्लेख वर केला, तिच्यावर मराठी साहित्यात यापेक्षा थेट आघात क्वचितच झाला असेल. येथे दुःख हे भोग म्हणून येत नाही. ते आव्हान म्हणून येते.

मर्यादाही येथेच सुरू होते. आव्हान हा शब्द ज्याच्याजवळ ते पेलण्याचे थोडेतरी बळ उरले आहे त्याच्यासाठी आहे. बाबांच्या या लेखनात दुःख फार लवकर तेजाचे रूप घेते. जखम दिसते न दिसते तोच तिची ज्वाला होते, आणि ज्वालेत जखम दिसत नाही. शिवाय बाबांनी कुष्ठाचा रूपक म्हणूनही वापर केला आहे. ज्यांची इतरांच्या दुःखाविषयीची संवेदना मेली आहे त्यांच्या मनाला कुष्ठ झाले आहे, असे ते म्हणत. संवेदनाशून्यतेच्या वैद्यकीय वास्तवाशी हे रूपक नेमके जुळते आणि ते वापरण्याचा अधिकार बाबांइतका अन्य कोणाला असेल असेही वाटत नाही. तथापि, अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये आजाराच्या रूपकात्मक वापरावर जो आक्षेप घेतला तो येथे आठवतो : रोगाचे रूपक केले की रोग्याच्या माथी आणखी एक अर्थ मारला जातो. समाजाच्या दोषाला 'कुष्ठ' म्हटल्याने समाजाला किती लाज वाटते हे सांगता येत नाही. पण रुग्णाच्या रोगाचे नाव पुन्हा एकदा दोषासाठी वापरले जाते.

या मर्यादा नोंदवताना एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. बाबा स्वतः पाठीच्या मणक्याच्या विकाराने दीर्घकाळ ग्रासलेले होते. त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच पर्याय उरले होते. १९८५ मधील 'भारत जोडो' यात्रेचा प्रवास त्यांनी वाहनात आडवे पडून केला. दुःखाविषयी बाहेरून बोलणारा हा कवी नव्हता. त्यांनी स्वतःच्या दुखण्याविषयी मात्र कमी लिहिले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांनी ते अधिक लिहायला हवे होते.

'समिधा'

नागपूरच्या एका सनातनी घरातील इंदू घुले यांचा विवाह १९४६ च्या डिसेंबरमध्ये मुरलीधर आमटे यांच्याशी झाला आणि त्या साधना झाल्या. 'समिधा' ही या साधनाताईंची जीवनकहाणी होय. दोन पुस्तकांच्या शीर्षकांकडे लक्ष द्यावे. पतीच्या पुस्तकाच्या नावात ज्वाला आहे. पत्नीने आपल्या पुस्तकाला जे नाव दिले ते ज्वालेत टाकण्याच्या लाकडाचे आहे. या निवडीत विनय आहे, परंपरेने शिकवलेले समर्पण आहे, आणि नीट वाचले तर एक शांत विधानही आहे. यज्ञ पाहणारे ज्वाला पाहतात. ती कशावर जळते आहे हे ठाऊक असते ते समिधा गोळा करणाऱ्याला.

महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ मध्ये झाली. १९५१ मध्ये विनोबांच्या उपस्थितीत आनंदवनाचा आरंभ झाला. चौदा रुपये, सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलाची गोष्ट महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. सांगणाऱ्यांच्या यादीत बहुधा साधनाताई नसतात, आणि विकास व प्रकाश ही त्यांची दोन तान्ही मुलेही नसतात. 'समिधा' वाचताना ही यादी बदलते. ओसाड माळावर झोपडी, साप आणि विंचू, रात्री हिंडणारी जनावरे, दुरून आणावे लागणारे पाणी, लहान मुले, आणि ज्या रोगाच्या भयाने सारे गाव दूर पळते त्या रोगाच्या माणसांमध्ये त्या मुलांना वाढवण्याचा निर्णय. तेव्हा डॅप्सोनचा वापर नुकताच सुरू झाला होता. मुलांना हा रोग होणार नाही, अशी खात्री त्या आईला कोणी देऊ शकत नव्हते. बाबांनी आपले भय जिंकले ही गोष्ट जगाला माहीत आहे. साधनाताईंना मुलांच्या बाबतीत ते भय रोज नव्याने बाजूला ठेवावे लागले असणार, आणि त्याची कथा झाली नाही.

या आत्मकथनाची भाषा घरगुती आहे. तीत उद्गार कमी आणि तपशील पुष्कळ. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन्हीकडे एका असामान्य, हट्टी, स्वतःच्या ध्येयाने झपाटलेल्या पुरुषाशी संसार आहे, आणि दोन्हीकडे त्या पुरुषाविषयीच्या आदराला विनोदाची किनार आहे. लक्ष्मीबाई अधिक धीट आहेत. नवऱ्याशी भांडताना त्या वाचकाला आपल्या बाजूला घेतात. साधनाताई तसे करीत नाहीत. त्यांच्या लेखनात तक्रार येते ती घटनेच्या रूपाने येते आणि तेथेच संपते. काही ठिकाणी वाचकाला वाटते की त्यांनी आणखी थोडे बोलायला हवे होते. समर्पण या मूल्याने त्यांना जे बळ दिले त्यानेच त्यांच्या लेखणीला लगामही घातला, असे माझे मत आहे.

तरीही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने 'समिधा' हे दोहोंपैकी अधिक मोलाचे पुस्तक ठरते, आणि त्याचे कारण विहिरीत आहे. आनंदवनातील पहिली विहीर बाबा आणि ते मूठभर रुग्ण यांनी उन्हाळ्यात, साध्या अवजारांनी, कित्येक आठवडे खणली. बधिर हातांना फोड आलेले कळत नाहीत. तेव्हा काम थांबवून हात तपासावे लागत, मलमपट्टी करावी लागे, मग पुन्हा काम. पाणी लागले. पाण्यापाठोपाठ भाजीपाला आला, आणि तो विकायला वरोऱ्याच्या बाजारात नेला तेव्हा कोणी घेईना. पुढे सेवाग्रामहून काही परदेशी स्वयंसेवक बांधकामासाठी आनंदवनात येऊन राहिले. ते तेथे राबले, तेथेच पिकलेले जेवले, आणि त्यांना काही झाले नाही हे गावाने पाहिले. मग भाजी विकली जाऊ लागली. १९६४ मध्ये आनंदवनाच्या परिसरात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्यांच्या हातची भाजी गाव घेत नव्हते, त्यांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या इमारतीत गावाची मुले शिकायला येऊ लागली.

या घटनाक्रमात दुःखाने कोणालाही काही शिकवलेले नाही. सहा रुग्णांचे दुःख वरोऱ्याच्या रस्त्यावर होते तेवढेच माळावरही होते. बदल झाला तो त्यांच्या हाती पहार आली आणि पाणी ही सर्वांची गरज त्यांच्यावर अवलंबून राहू लागली तेव्हा. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव त्यांना माळावर मिळाली. प्रस्तुत लेखकाच्या मते या साहित्यातील आशेचे मूळ येथे आहे. 'ज्वाला आणि फुले' ही आशा घोषित करते. 'समिधा' तिचा जमाखर्च मांडते, आणि म्हणून वाचकाला ती तपासून पाहता येते.

फ्रांकल यांचे साक्षीपण

अर्थशोधाच्या चर्चेत व्हिक्टर फ्रांकल यांचे नाव टाळता येत नाही. व्हिएन्नाच्या या मनोविकारतज्ज्ञाला नाझी राजवटीने १९४२ मध्ये टेरेझिनश्टाटला आणि पुढे ऑशविट्झसह अन्य छावण्यांत पाठवले. सुटकेनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक जगभर वाचले गेले. आपल्याकडील व्यक्तिमत्त्वविकासाच्या शिबिरांतून त्यांच्या नावाने 'दुःखाला अर्थ असतो' एवढेच सांगितले जाते, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. फ्रांकल यांच्या मते अर्थ सापडण्याचा मार्ग काम हा आहे, प्रेम हा आहे, आणि जे दुःख टाळणे कोणत्याही उपायाने शक्य नाही त्याला सामोरे जाण्याची वृत्ती हाही आहे. टाळता येणारे दुःख सोसत राहण्यात कसलेही शौर्य नाही, असे ते स्पष्टपणे बजावतात.

ही अट आपल्या विषयाला थेट लागू पडते. कुष्ठरुग्णांच्या दुःखापैकी टाळता न येण्याजोगे फार थोडे होते. औषध आल्यानंतर रोग टाळता येण्याजोगा राहिला. बहिष्कार तर प्रारंभापासूनच तसा होता. रुग्णांना वेगळे ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून काढले गेले ते २०१९ मध्ये. देशपातळीवर रोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आल्याचे डिसेंबर २००५ मध्ये घोषित झाले होते. म्हणजे शासनाच्या दृष्टीने रोग सार्वजनिक समस्या राहिला नव्हता, तरी त्यानंतरही चौदा वर्षे कायद्यात तो संसार मोडण्याचे कारण होता. कापसाच्या शेतात आलेले दुःखही टाळता न येणारे होते काय, असा प्रश्न माझ्या वर्गातील मुले विचारू शकतात, आणि तो अर्थशोधाच्या नावाखाली दडपू नये.

फ्रांकल यांच्या पुस्तकाचे आणखी एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे आहे. ते भोगलेल्या माणसाने लिहिले आहे. आपल्या दुःखातून काय निघाले, किंवा काहीच निघाले नाही, हे सांगण्याचा पहिला हक्क त्याने स्वतःकडे ठेवला. मराठीत हा हक्क दलित आत्मकथनांनी बजावला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, तेव्हा दुःखाचा अर्थ लावण्याचे काम सहानुभूतीने लिहिणाऱ्यांच्या हातून भोगणाऱ्यांच्या हाती आले. त्या पुस्तकांनी आपल्या दुःखाला उदात्त केले नाही आणि वाचकाला दिलासाही दिला नाही. कुष्ठरुग्णांच्या बाबतीत मराठीत असे स्थित्यंतर झाले नाही. त्यांच्याविषयी सेवकांनी, सेवकांच्या कुटुंबीयांनी आणि आनंदवनाला भेट देणाऱ्या लेखकांनी लिहिले. त्यांतील बरेच लेखन प्रामाणिक आहे. पण रुग्णांची स्वकथने विरळ आहेत. निरक्षरता, बोटांअभावी लेखणी धरण्यातली अडचण, आणि नाव उघड झाल्यास गावाकडच्या मुलांच्या सोयरिकी मोडण्याची धास्ती, ही त्याची समजण्याजोगी कारणे आहेत. परचुरे शास्त्रींसारखा विद्वान रुग्ण अपवादात्मक होता. आणि त्यांचीही आठवण आपण ठेवली ती मालिश करून घेणारा माणूस म्हणून.

बहुविध औषधोपचारापूर्वी ज्यांना रोग झाला, ज्यांनी घर सोडले आणि वसाहतीत आयुष्य काढले, ती पिढी आता वृद्ध आहे. मराठी विभागांच्या क्षेत्रीय कार्यात लोकगीते आणि बोली यांचे संकलन होते. त्याच पद्धतीने, नावे न उघडता, या माणसांच्या कथनांचे ध्वनिमुद्रण करणे आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना सहज शक्य आहे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. विलंब मात्र परवडणार नाही.

'तुळशीरामाला काय सापडलं' या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला, आणि तिच्यासह चार विद्यार्थ्यांना, मी पुढच्या वर्षी एका कुष्ठवसाहतीत घेऊन गेलो. तेथे ऐंशीच्या घरातील एक आजी आमच्याशी सुमारे तासभर बोलल्या. मुलांनी प्रश्न रोगाविषयी तयार करून आणले होते. आजींनी त्यांतील पहिल्या प्रश्नाला "ते झालं बापा" एवढेच उत्तर दिले आणि मग त्या हातमागाविषयी बोलू लागल्या. मागावर सतरंजी विणताना धोटा सरकवायला बोटे लागतात, त्यांच्या उजव्या हाताला ती नव्हती. तेव्हा धोटा तळव्याने कसा रेटायचा, हे त्यांनी रिकाम्या हवेत तीनतीनदा करून दाखवले. त्या खोलीतील सतरंजी त्यांनीच विणलेली होती. आम्ही तिच्यावरच बसलो होतो. निघताना त्यांनी त्या मुलीला विचारले, "तुला येते का काही विणता?" नाही म्हटल्यावर आजी म्हणाल्या, "मग ये पुढच्या खेपेला."